बांधलेल्या गावाचं पाणी

टाळेबंदी लागली त्या मार्चच्या अखेरीस आमच्या बातम्यांतली क्रियापदं बदलली. पोलिसांनी कुणाला मारलं असं आम्ही लिहीत नव्हतो. 'प्रसाद दिला', 'चोप दिला', 'समज दिली' असं लिहीत होतो. भंडाऱ्याहून कारध्याकडे जाणाऱ्या पुलाच्या तोंडाशी बंदोबस्त होता. तिथे एका माणसाच्या पोटऱ्यांवर काठी तुटताना मी पाहिली. त्याच्या हातात दुधाची रिकामी कॅन होती. दूध घेऊन शहरात जाताना त्याला सोडलं होतं आणि परत येताना धरलं. मी बातमी पाठवली. चार ओळी छापून आल्या. त्यांत 'विनाकारण फिरणाऱ्यांना' हे शब्द डेस्कवर घातलेले होते. मी फोन करून विचारलं. पलीकडून उत्तर आलं की सध्या असंच जातंय.

जिल्हा वार्ताहर म्हणून माझं काम तेव्हा घरच्या पलंगावर आलं होतं. कार्यालयाला कुलूप होतं, बातमी मोबाइलवर टाइप करायची आणि ग्रुपवर टाकायची. पानं कमी झाली, मग काही भागांत पेपर जाणंच थांबलं, कारण कागदावरून रोग येतो की नाही यावर शहरभर वाद सुरू होता. काही घरी पेपरला इस्त्री करून मग वाचत. एका वसाहतीत पेपर टाकणाऱ्यावर कुत्रं सोडलं गेलं. त्याला इंजेक्शनं घ्यावी लागली, आणि ती घ्यायला जाताना त्याने पोलिसांचा मार खाल्ला.

शहरातले लोक व्हॉट्सॲप ग्रुपवर भांडत होते. बाहेरून आलेल्यांना शाळेत ठेवायचं की शिवेवरच अडवायचं, भाजीवाला कुठल्या मोहल्ल्यातला असावा, थाळ्या वाजवल्या त्यांनी नंतर मिरवणूक का काढली. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी 'दिसला की पाय तोडा' असं लिहून खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. त्याला अंगठा उंचावून दाद देणाऱ्यांत डॉक्टर होते, वकील होते, मला ओळखणारे बहुतेक सगळे होते.

हे सगळं शहरातलं. मारामारी जवळून पाहिली ती आसगावच्या पुढे, बहिणीच्या गावी.

तिथे दोन गावं आहेत. वरच्या गावाला लागून जुना तलाव आहे, आणि तलावाच्या मातीच्या पाळीखाली, धानाच्या बांध्या म्हणजे खाचरं ओलांडली की खालचं गाव. माझी मोठी बहीण खालच्या गावात दिली आहे. तलाव वरच्या गावाच्या शिवेत असला तरी पाण्यावर दोन्ही गावांचा हक्क आहे, तो मालगुजारीच्या काळापासूनचा. पाळीच्या आतल्या बाजूला दगडी पायऱ्यांचं एक बांधकाम आहे. पायरीपायरीला भोक, भोकात लाकडी डाट. त्याला तुडुम म्हणतात. पाणी उतरत जाईल तसा खालचा डाट काढायचा, की पाणी पाळीतून पाटात येतं. तलाव वरच्यांचा, म्हणून डाट काढायचा मान खालच्यांना, अशी जुनी तोड आहे. खालच्या गावात तो मान भाऊजींच्या घराकडे आहे. पाण्यात उतरायचं, बुडी मारायची, सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, डाट हलवायचा. त्यांच्या वडिलांनी केलं, ते करतात.

आदल्या वर्षी पाऊस लांबला होता आणि तलाव भरलेला राहिला होता. म्हणून खालच्या गावानं उन्हाळी धान लावला. एप्रिलच्या मध्याला तो निसवत होता. लोंब बाहेर पडत असताना बांधीत पाणी नसेल तर दाणा भरत नाही, पोचट राहतो. भाऊजींचं सगळं शेत त्या पाटावर होतं. त्यांच्याकडे दुसरी जमीन नाही.

नेमकं तेव्हाच वरच्या गावानं स्वतःला बांधून घेतलं होतं.

गाव बांधणं ही आमच्याकडची जुनी रीत. पटकी किंवा देवी आली की गावदेवी मातामायच्या ठाण्याशी पूजा करून गावाच्या शिवेभोवती हळदीचा दोरा फिरवत; त्यालाच बांध म्हणत. मग बाहेरचा कुणी आत येत नसे, आणि आतलं काही बाहेर जात नसे. आग नाही, दाणा नाही, पाणी नाही. हे एका दिवसापुरतं असे. संध्याकाळी दोरा सोडला की व्यवहार सुरू. सरकारनं टाळेबंदी जाहीर केली तेव्हा वरच्या गावातल्या म्हाताऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटली. त्यांनी दोरा फिरवला. जो तो आपल्या मोबाइलवर ऐकत होता की कुणी बाहेर पडू नका, कुणाला आत घेऊ नका, आणि ते बरोबर जुळत होतं. फरक इतकाच की सरकारनं मुदत वाढवली, तेव्हा दोराही वाढला. तलाव शिवेत होता. दोरा तलावाच्या पलीकडून गेला होता. म्हणजे पाणी बांधलेलं होतं.

पोरं दोऱ्याला हसत होती. पण पुण्याहून चालत, ट्रकनं, कसेबसे परतलेले तरुण शाळेत कोंडलेले असताना गावात उरलेल्या पोरांना त्यांचं वेगळं शास्त्र होतं. खालच्या गावचा माणूस तलावात बुडी मारणार, त्याच तलावावर वरच्या गावाच्या बाया कपडे धुतात, गुरं पाणी पितात. खालच्या गावात नागपूरहून एक कुटुंब आलेलं आहे. मग? म्हातारे दोऱ्यासाठी आणि पोरं विषाणूसाठी, पण दोघांचं उत्तर एकच निघालं. तुडुम खोलायचा नाही. रस्त्यावर बाभळीचे काटे, बांबू आणि बैलगाडीची मोडकी धुरी टाकून कुंपण झालं. पोलिसांची जीप दोनदा तिथपर्यंत येऊन वळली होती.

भाऊजींचा फोन आला.

"साळेसाहेब, पेपरात काय लिहून राहिले? शेतीले बंदी हाय का?"

"नाही. शेतीची कामं सुरू ठेवा असा आदेश आहे."

"मग तो आदेश वरच्याईले वाचून दाखवा ना. आमच्या बांध्या फाटून राहिल्या."

मी आदेशाचा फोटो पाठवला. वरच्या गावातून उलट निरोप आला की असे आदेश मोबाइलवर कुणीही बनवतो. पेपरात छापून आलं तर मानू. पेपर त्या गावात येत नव्हता. आला असता तर कुणी हात लावला नसता.

तालुक्याच्या कचेरीत मी विचारलं. साहेबांनी सांगितलं की आज जमणार नाही, धान्यवाटप आहे, उद्या माणूस पाठवतो. कुणी आलं नाही.

म्हणून मी गेलो. गळ्यात ओळखपत्र आणि गाडीवर पास चिकटवलेला असल्यामुळे मी जाऊ शकणाऱ्या मोजक्या लोकांपैकी होतो. भाऊजी मला कुंपणाशी भेटले. त्यांच्याबरोबर त्यांच्या शेताला लागून ज्याचं शेत आहे तो शेजारी होता. दोघं एकाच वयाचे, एकत्र कबड्डी खेळलेले. शेजाऱ्याच्या बांध्या पाटावर भाऊजींच्या आधी येतात. कुंपणाच्या पलीकडे वरच्या गावचा एक म्हातारा खाटेवर बसला होता. मातामायची पूजा त्यानंच केली होती. मागे पाच-सात पोरं, हातात बांबू.

"बाबाजी, पाणी सोडा," भाऊजी म्हणाले. "धान गेला का आम्ही गेलो."

"पाणी सोडलं का बांध तुटते, गा," म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "एका गावाचा धान जाईन. बांध तुटला तर गावच जाईन."

"तुमचा बांध एका दिवसाचा असते. बापानं सांगतलं मले."

"तुया बापाच्या टायमाले असा रोग होता का?"

"पटकी होती ना. अर्धी आळी मेली आमची."

"मग त्याईनं बांधलं नाई बराबर."

मागच्या पोरांतला एक पुढे आला. त्याने तोंडाला बनियन बांधलं होतं.

"काका, नागपूरवाल्याले कायले ठेवलं घरात? त्याले हाकला, मंग या पाण्याले."

"तो माया भाऊ होय," शेजारी म्हणाला. "माया घरी येईन नाई तर काय तुया घरी येईन?"

"आला तर तंगडी तोडीन."

"तुयी मावशी दिली हाय आमच्या गावात. तिची बी तोड."

कुणीतरी हसलं. हसणं थांबल्यावर म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पेपरवाला आहे हे त्याला सांगितलं गेलं होतं. तो म्हणाला, "तुम्ही लिहा का गावानं गाव वाचवलं." मग त्यानं खाट वळवली आणि आमच्याकडे पाठ करून बसला. बोलणं संपलं.

परतताना शेजारी भाऊजींना म्हणाला, "उद्या सकाळी उतरू. तू बुडी मार, मी पाळीवर थांबतो." भाऊजींनी मान हलवली. मी म्हटलं, पोलिसांना घेऊन जाऊ. बहीण अंगणात उभी होती. ती म्हणाली, "पोलीस येतपर्यंत लोंब वाळते, भाऊ." मी त्या रात्री तिथेच थांबलो.

सकाळी खालच्या गावातले वीसेक जण पाळीवर चढले. तिकडून रस्ता नाही, उतारावरून झुडपं धरत चढावं लागतं. मीही मागे होतो. भाऊजींनी लुंगी खोचली, सब्बल घेतली आणि तुडुमाच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरले. पाणी बरंच खाली गेलेलं होतं. शेवटच्या डाटाशी ते गळ्यापर्यंत बुडले. डाट फुगून घट्ट बसला होता. त्यांनी एक बुडी मारली, वर आले, श्वास घेतला, पुन्हा गेले.

तेव्हा पलीकडच्या काठावरून आरोळी आली. पहिला दगड पाण्यात पडला. दुसरा तुडुमाच्या दगडावर आदळून फुटला. मी पोलीस ठाण्याला फोन लावला. लागला, बोललो, ठेवला. तोवर वरच्या गावचे लोक पाळीवरून धावत आले होते आणि दोन्ही गावं बांबूंनी भिडली होती.

काही गोष्टी वेगळ्या दिसल्या, त्या लिहून ठेवतो. मारणारे बहुतेक जण एक हात तोंडावरच्या रुमालावर ठेवून मारत होते. रुमाल सुटू नये म्हणून. एकाचा सुटला तेव्हा त्याच्यासमोरचा दोन पावलं मागे सरला, आणि त्याच वेळी मागून त्याच्या कानशिलावर बांबू बसला. एक जण ओरडत होता, "हात लावू नोका बे, काठीनं मारा, काठीनं!" माझ्या जवळच एका माणसाचा दात पडला. तो वाकून गवतात दात शोधू लागला आणि त्याच्या पाठीत लाथ बसली.

भाऊजी वर आले तेव्हा एक दगड त्यांच्या कपाळाला लागला. ते पुन्हा खाली गेले. नंतर दवाखान्यात त्यांनी सांगितलं, "खाली बरं वाटे गा. दगड पाण्यात आला का त्याचा जोर जाते." तिसऱ्या की चौथ्या बुडीला डाट निघाला. लाकूड वर येऊन तरंगू लागलं. भाऊजींनी सब्बल पायरीवर ठेवली आणि वर चढण्यासाठी डावा हात दगडावर टेकला. बनियन बांधलेला पोरगा तोवर पायरीवर उतरला होता. त्यानं सब्बल उचलली आणि दगडावर टेकलेल्या हातावर उभी मारली. एकदा. आवाज मला पाळीवर ऐकू आला.

भाऊजी ओरडले नाहीत, मागे पाण्यात पडले. डाट निघालेलं भोक तिथेच होतं आणि पाणी त्यांना तिकडे ओढत होतं. शेजाऱ्यानं पाळीवरून उडी मारली. त्यानं भाऊजींना केसांना धरून बाहेर काढलं. त्या पोराला त्यानं डोक्यानं धडक दिली. पोरगा पायऱ्यांवर उताणा पडला आणि तसाच पडून राहिला, नाकातोंडातून रक्त येत.

पाळीच्या खालच्या बाजूला पाटात पाणी आलं होतं.

"बांध तुटला!" म्हातारा पाळीच्या टोकाशी उभा राहून ओरडत होता. "बुजवा! आधी तोंड बुजवा!"

आत तुडुमाशी पाण्याची ओढ होती, तिथे कुणी उतरत नव्हतं. बाहेर, पाट जिथे सुरू होतो ते तोंड बुजवता येण्यासारखं होतं. पण कशानं? माती टाकली की वाहून जात होती. हाताशी एकच गोष्ट होती. वरच्या गावचे लोक रस्त्याकडे धावले आणि बाभळीचे काटे ओढत आणू लागले. बायाही आल्या. काटे पायांत शिरत होते, साड्या फाटत होत्या. एक ढीग तोंडात कोंबला की पाणी वरून निघे. मग बांबू आणले. मग बैलगाडीची धुरी आणली. गावानं इतके दिवस राखलेलं कुंपण सगळंच्या सगळं पाटाच्या तोंडात गेलं, आणि रस्ता मोकळा झाला. हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

पोलिसांची जीप त्या रस्त्यानं थेट पाळीपर्यंत आली. मागे आणखी एक गाडी होती. त्यांनी कुणालाही काही विचारलं नाही. पाळीच्या दोन्ही टोकांकडून काठ्या सुरू झाल्या आणि मधल्यांना पळायला एकीकडे तलाव, दुसरीकडे उतार. म्हाताऱ्याच्या पाठीवर काठी बसली. ज्या बाईच्या हातात काटे होते तिच्या हातावर बसली. भाऊजी मोडलेला हात छातीशी धरून बसले होते, त्यांच्या मांडीवर दोन बसल्या. माझ्यावर उगारलेली काठी ओळखपत्र पाहून थांबली आणि माझ्या शेजारच्या माणसाच्या खांद्यावर उतरली. "घरात बसता येत नाही का रे?" एक शिपाई प्रत्येक फटक्याला हेच विचारत होता. त्याला दम लागला होता.

काटे पाणी पूर्ण अडवू शकले नाहीत. पाट अर्धा वाहत होता. ते पाहून शेजारी पाठ चोळत खाली उतरला आणि बांध्यांकडे गेला. कुणीतरी पाणी पाहायला हवं होतं. भाऊजींना मी गाडीवर मागे बसवलं, कुणाच्या तरी दुपट्ट्यानं माझ्या पाठीशी बांधलं आणि दवाखान्यात नेलं. तिथे आधी दाराबाहेर कपाळाशी यंत्र धरून ताप पाहिला गेला. मग प्रश्न. परदेशातून आलात का? पुण्या-मुंबईहून आलेल्या कुणाच्या संपर्कात आलात का? भाऊजी हात पुढे करून उभे होते. बोटं ज्या दिशांना वळत नाहीत त्या दिशांना वळलेली होती.

"वरच्या गावाच्या संपर्कात आलो," ते म्हणाले.

हाताला आधार बांधल्यावर ते मला म्हणाले, "बाईले फोन लावा. पाणी कुठवर गेलं विचारा."

बहिणीनं उचलला, पण ती माझ्याशी बोलत नव्हती. फोन बहुतेक तिच्या कमरेला खोचलेला होता. मी आवाज मोठा केला आणि भाऊजींच्या कानाशी धरला. पाण्याचा आवाज होता, आणि तिचा.

"बंद कर तुयं तोंड! बांधीचं! माया माणसानं हात मोडून घेतला!"

"म्या काढलं ना वहिनी त्याले पाण्यातून! पाट आधी माया शेतातून जाते—"

"मांग हो. मांग हो म्हणलं ना!"

मग एक दबका आवाज आला, ओल्या मातीवर काही पडल्यासारखा. मग फक्त पाणी. काही वेळानं ती फोनवर म्हणाली, "आलं." भाऊजींनी डोळे मिटले.  मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी शेजारी दवाखान्यात आला. डोक्याला टाके होते. तो भाऊजींच्या खाटेपाशी उभा राहिला.

"तुया बायकोनं फावडं मारलं."

"काहून?"

"म्या आधी माया बांधीत वळवलं होतं."

 भाऊजींनी विचारलं, "भिजल्या का?"

"तुया भिजल्या. सगळ्या. माया बांधीत येतपर्यंत पोलिसाईनं डाट लावून घेतला."

"बस."

"नाई बसत," शेजारी म्हणाला. पण तो लगेच गेलाही नाही. भाऊजींच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे तो बराच वेळ पाहत राहिला आणि मग निघाला.

मी बातमी लिहिली. 'तलावाच्या पाण्यावरून दोन गावांत हाणामारी, पोलिसांनी आणली परिस्थिती आटोक्यात.' ती छापून आली. गाव बांधण्याचा उल्लेख जागेअभावी गळला.

पुढे जिल्ह्याहून आदेश आला की तुडुम पोलीस बंदोबस्तात खोलावा, आणि दोन्ही गावांनी तो मानावा. मान भाऊजींच्या घराचाच होता. त्यांच्या डाव्या हाताला प्लास्टर होतं. वरच्या गावानं दुसऱ्या कुणाचं नाव मान्य केलं नाही, आणि खालच्या गावातून दुसरं कुणी पुढेही आलं नाही. मग बहीण उतरली. तिनं कासोटा घातला, सब्बल घेतली आणि पायऱ्या उतरू लागली. दोन्ही बाजूंना शिपाई उभे होते. पलीकडे वरचं गाव होतं, तोंड बांधलेलं. तो पोरगा नव्हता. त्याला नागपूरला हलवलं होतं आणि तो जगणार असं सांगत होते. शेजारी खालच्या गावाच्या लोकांत नव्हता. तो एकटा पाटाच्या तोंडाशी उभा होता आणि त्याच्या हातात दगड होता. शिपायांना तो दिसत होता. त्यांनी त्याला काही म्हटलं नाही.

डाट काढायला बहिणीला बराच वेळ लागला. ती दर वेळी वर येताना आधी डोक्यावर हात धरून मग तोंड बाहेर काढत होती. कुणी काही मारलं नाही. डाट निघाल्यावर ती चढून पाळीवर आली, पदर पिळला आणि शेजाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली. केसांतून पाणी गळत होतं.

"या बारीले तुयं आधी," ती म्हणाली.

"जाळ तुयं पाणी," तो म्हणाला. "म्या धान कापून बैलाईले घातला."

 त्याच्या मुठीतला दगड तसाच होता. तो तिच्याकडे पाहत होता, आणि शिपाई त्याच्याकडे. मग एक शिपाई काठी हलवत जवळ गेला आणि त्याला म्हणाला की तोंडाला रुमाल बांध. शेजाऱ्यानं दगड खाली ठेवला, दोन्ही हातांनी रुमाल बांधला, आणि वाकून दगड परत उचलला.